आवारात परक्या गाड्या लागून राहिल्यात? आधी चाक कुठे आहे ते बघा

"काकू, पेशंट आहे आत, पाच मिनिटांत काढतो."

हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्यालाही पाच मिनिटंच वाटत असतात. मग रक्ताच्या तपासण्या होतात, औषधं आणायची असतात, डॉक्टर राउंडवर असतात आणि बघता बघता दुपारचे दोन वाजतात. गाडी आमच्या आवारात, सावलीत, तशीच उभी.

आमचं घर धंतोलीत आहे. नागपुरात धंतोली म्हटलं की दवाखाने आलेच. इथल्या पार्किंगचा प्रश्न जुना आहे. धंतोली नागरिक मंडळाने त्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिकाही केली. पण तो प्रश्न मुख्यतः रस्त्यांचा. मी लिहितेय ते रस्ता सोडून थेट आपल्या जागेत शिरणाऱ्या गाड्यांबद्दल. चार वर्षं हा त्रास काढला. त्यातली तीन वर्षं गाडी लागल्यावर भांडण्यात गेली. गाडी शिरते कुठून आणि का, हे बघायला लागलो तेव्हा कुठे फरक पडला.

घराच्या उजव्या अंगाला पंधरा फुटांची मोकळी पट्टी आहे. माझे सासरे वकील, ऑफिस घरीच. पक्षकारांना गाड्या लावता याव्यात म्हणून मामंजींनी तेवढ्या भागात कंपाउंडची भिंत घातलीच नाही. पुढे ऑफिस बंद झालं, पट्टी उघडीच राहिली. वर मोठा कडुनिंब. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा नागपुरात सावली दिसली की गाडीवाला तिकडेच वळतो.

पट्टीच्या मागच्या टोकाला जमिनीखाली पाण्याचं टाकं आहे. एका संध्याकाळी झाकण उघडायला गेले तर कोपऱ्यापासून मधोमधपर्यंत भेग गेलेली. सिमेंटचा ढलपा निघून आतली गंजून लाल झालेली सळई दिसत होती आणि शेजारीच जाड टायरचा नक्षीदार ठसा होता. ते झाकण माणसाच्या पायासाठी घातलेलं, दीड टनाच्या गाडीसाठी नव्हे. खाली सात फूट पाणी. गल्लीतली पोरं चेंडू आणायला त्याच झाकणावरून पळतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच मामंजींचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा, सकाळी सातची पाळी. एका गुरुवारी साडेसहाला आमच्या गाडीपुढे एक पांढरी एसयूव्ही आडवी लागलेली. हॉर्न वाजवला, आजूबाजूच्या दवाखान्यांत जाऊन गाडीचा नंबर सांगितला, कोणी आलं नाही. शेवटी ऑटोने नेलं. पाऊण तास उशीर झाला, आणि नंतरच्या पेशंटची वेळ ठरलेली असल्यामुळे मामंजींची पाळी तेवढी कमी झाली. त्या दिवशी ठरवलं, हे आता मुळापासून बघायचं.

आधी चाक कुठे आहे ते बघा

ही पहिली तपासणी, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. फाटकासमोरची जागा आपली वाटते, पण ती आपली असतेच असं नाही. घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, मंजूर नकाशा काढा. प्लॉट नझूलचा (सरकारी जमिनीवरचा) किंवा नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजवरचा असेल तर लीजसोबतचा नकाशा बघा. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे पैसे भरून मोजणी करून घ्या. आम्ही करून घेतली तेव्हा कळलं की इतकी वर्षं जी पट्टी आपली म्हणून झाडत होतो, तिची पुढची अडीच फूट जागा रस्त्याची आहे. हे आधी कळलं नसतं तर खांब चुकीच्या जागी रोवले असते आणि आम्हीच अतिक्रमण करणारे ठरलो असतो.

हद्द का कळायला हवी? कारण दोन्हीकडे मदत वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळते.

गाडी रस्त्यावर आहे पण तुमचं फाटक अडवून आहे, तर काम वाहतूक पोलिसांचं. मोटार वाहन चालन विनियम २०१७ नुसार मिळकतीच्या येण्याजाण्याच्या वाटेसमोर गाडी उभी करायला मनाई आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२७ नुसार मनाई असलेल्या ठिकाणी लावलेली किंवा सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. इथे शब्द आहे "सार्वजनिक जागा". म्हणूनच टोइंगवाले तुमच्या आवारात शिरून गाडी उचलत नाहीत. मी एकदा त्यांच्यावर उगाच चिडले होते. त्यांचं बरोबर होतं.

गाडी तुमच्या हद्दीच्या आत असेल तर काम पोलीस ठाण्याचं, आणि ती हटलीच नाही तर दिवाणी न्यायालयाचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारीपात्र अतिक्रमणाची तरतूद आहे, पण तिथे हेतू बघितला जातो: धाक दाखवणं, अपमान करणं, त्रास देणं किंवा गुन्हा करणं. पेशंटला घेऊन आलेल्या घाबरलेल्या माणसावर ते कलम लावा म्हणून ठाण्यात गेलात तर हाती काही लागत नाही. तेच कलम, लेखी मनाई करूनही रोज मुद्दाम गाडी घालणाऱ्याच्या बाबतीत वजनदार होतं. त्यामुळे लेखी मनाई आधी, कलम नंतर.

चाक अर्धं आत आणि अर्धं बाहेर असेल तर फोटो असा काढा की हद्दीचा दगड किंवा भिंतीचं टोक, चाक आणि नंबर प्लेट एकाच चौकटीत येतील.

हे मात्र करू नका

राग येतो. माझ्या मुलानेही एकदा टायरच्या वॉल्व्हला हात घातला होता. मी ओरडून थांबवलं. हवा सोडणं, ओरखडा काढणं, वायपर वाकवणं, काचेवर न निघणारं काही चिकटवणं, यातलं काहीही केलंत की तक्रारदार समोरचा होतो. दुसऱ्याच्या मालाचं नुकसान म्हणजे आगळीक, त्याच न्याय संहितेचं कलम ३२४. चाकाला साखळी-कुलूप घालून "दंड भरा मग सोडतो" म्हणणं तर फारच धोक्याचं. दंड वसूल करायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही, आणि माणसाला त्याच्या वाटेने जाऊ न देणं हा गैरनिरोधाचा मामला होऊ शकतो, कलम १२६. आपली गाडी आडवी लावून त्याला कोंडून ठेवणंही त्याच वाटेचं. त्या गाडीच्या मागच्या सीटवर ऑपरेशन झालेलं कोणी माणूस यायचं असेल, हे धंतोलीत राहणाऱ्याने तरी विसरू नये.

रस्त्यावर दगड, फुटक्या कुंड्या, टायर मांडून ठेवणंही नको. रात्री दुचाकीवाला पडला तर जबाबदारी आपली.

आणि एक सल्ला मला तीन जणांनी दिला: "कडुनिंबच काढून टाका न, सावलीच नाही राहणार." झाड आपल्या आवारात असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ प्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि परवानगी मिळाली असती तरी मी तोडलं नसतं. त्या झाडाखाली मामंजींची खुर्ची असते.

तीन आठवडे वही ठेवा

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही. शाळेची शंभर पानी वही, तिच्यात तारीख, वेळ, नंबर, गाडी किती वेळ होती, आणि माणूस भेटला तर काय म्हणाला. तीन आठवड्यांत चित्र स्वच्छ दिसलं. बहुतांश गाड्या एकदाच आलेल्या: एमएच-३४ चंद्रपूर, एमएच-३६ भंडारा, एमएच-३५ गोंदिया, शिवाय एमपी-२८ छिंदवाडा आणि एमपी-५० बालाघाट. म्हणजे बाहेरगावचे पेशंट. पण पाच नंबर जवळपास रोज, सगळे नागपूरचेच, एमएच-३१ आणि एमएच-४९, सकाळी दहाला आत आणि संध्याकाळी सातला बाहेर. ते पेशंट नव्हते. त्यातले तीन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात काम करणारे, एक औषधाच्या दुकानातला, आणि एकाचा पत्ताच लागेना.

तोवर मला वाटत होतं की शेकडो अनोळखी लोकांशी झगडायचं आहे. वहीने सांगितलं की जागा अडवण्याचे निम्म्याहून जास्त तास त्या पाच गाड्यांचे आहेत.

गाडीचा मालक शोधायला एमपरिवहन ॲप आहे, पण तिथे मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं आणि फोन नंबर मिळत नाही. तो पोलिसांनाच मिळू शकतो. तुमच्यासाठी वहीच जास्त कामाची.

जिथून गाड्या येतात, तिथे जा

वही घेऊन मी त्या दवाखान्याच्या व्यवस्थापकांकडे गेले. आधी दोनदा गेले होते तेव्हा नुसती तक्रार होती, "तुमच्या लोकांच्या गाड्या" वगैरे. या वेळी तीन नंबर कागदावर लिहून दिले आणि सोबत अर्ज, दोन प्रतींत, एकीवर पोच घेतली. पंधरा दिवसांत तीनपैकी दोन गाड्या बंद झाल्या. दवाखान्याच्या दारातल्या वॉचमनलाही भेटले. गाडी कुठे लावायची हे नवीन माणूस त्यालाच विचारतो, आणि तो इतके दिवस हात करून आमच्याच पट्टीकडे दाखवत होता. त्याला आत बोलावून टाक्याचं फुटलेलं झाकण दाखवलं. तो वाकून बघतच राहिला, म्हणाला, "ताई, हे मला माहीतच नव्हतं जी." त्यानंतर त्याने कोणालाही आमच्याकडे पाठवलं नाही.

तुमच्याकडे दवाखान्याऐवजी ट्यूशन असेल, लग्नाचं लॉन असेल, तर्री-पोह्यांची गाडी असेल. पद्धत तीच: जो माणूस गाड्यांना हात दाखवतो त्याला गाठा. लॉनवाल्यांकडे लग्नतिथीच्या आधी जा, वरात दारात आल्यावर नव्हे. पोहेवाला तर सकाळी चार तासच असतो. त्याच्या गिऱ्हाइकांना तोच ओरडून सांगू शकतो, आणि सांगतो.

शिरायची वाट बंद करा

बोलण्याने निम्मं सुटलं. उरलेल्यासाठी दोन लोखंडी खांब आणि साखळी. फॅब्रिकेशनवाल्याने हद्दीच्या सहा इंच आत दोन पाइप काँक्रीटमध्ये बसवले, मध्ये साखळी, एका टोकाला कुलूप. मजुरी धरून साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला. भिंत आणि सरकतं फाटक याच्या कितीतरी पट महाग पडलं असतं.

साखळी लावताना तीन गोष्टी. उंची अडीच फुटांच्या खाली नको; खाली लोंबणारी साखळी अंधारात पायात येते. साखळीवर लाल-पांढरी चमकणारी पट्टी गुंडाळा आणि मध्ये एक पत्रा लटकवा, म्हणजे रात्री दुचाकीवाल्याला दुरून दिसेल. आणि खांब रोवण्याआधी खालची पाण्याची लाइन, केबल कुठून जाते ते बघा. आमच्या शेजाऱ्यांनी ते बघितलं नाही, नळाची लाइन फुटली.

ज्यांना साखळी नको त्यांनी मोठ्या सिमेंटच्या कुंड्या ठेवाव्यात, आपल्या हद्दीत, दोन कुंड्यांमध्ये चार फुटांपेक्षा कमी अंतर ठेवून. माती भरलेली मोठी कुंडी कोणी सहज सरकवत नाही. प्लास्टिकचे कोन मात्र आठ दिवसांत गायब होतात.

आधी साखळी फक्त रात्री लावायचो. उपयोग शून्य, कारण गाड्या सकाळी यायच्या. आता आमची गाडी बाहेर पडली की लगेच साखळी लागते, दोन मिनिटांसाठी गेलो तरी. हा कंटाळा केलात तर बाकी सगळं वाया.

पाटीवर काय लिहावं

आमची पहिली पाटी: "खासगी जागा. गाडी लावल्यास कारवाई करण्यात येईल." भिंतीवर सात फूट उंच. कोणी वाचली नाही. दुसरी पाटी साखळीच्याच पत्र्यावर, ड्रायव्हरच्या नजरेसमोर, मराठीत आणि हिंदीत, कारण निम्मे लोक मध्य प्रदेशातून येतात: "या वाटेने आजारी माणसाला दवाखान्यात नेतो. कृपया गाडी लावू नका." खाली जवळच्या पैसे देऊन लावायच्या पार्किंगकडे बाण, आणि आमचा एक फोन नंबर. फोन नंबर स्वतःचा रोजचा देऊ नका. जुन्या हँडसेटमध्ये वेगळं सिम ठेवा.

या पाटीचा फरक मला स्वतःला थक्क करून गेला. बाहेरगावच्या माणसाला जागा हवी असते, भांडण नको असतं. पर्याय दिसला की तो निघून जातो.

आणि समोरासमोर बोलायची वेळ आलीच तर पहिला प्रश्न गाडीचा नको. "भाऊ, कोण ॲडमिट आहे?" एवढंच विचारा. मी एकदा एका माणसावर आवाज चढवला आणि नंतर कळलं की त्याची मुलगी आयसीयूत होती. तेव्हापासून पेशंट उतरवेपर्यंत मी साखळी काढून देते, समोर उभी राहते आणि मग म्हणते, "आता गाडी तिकडे लावून या." नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लांबून लोक येतात. त्या दोन दिवसांत आम्ही पट्टी आपणहून उघडी ठेवतो, फक्त टाक्याभोवती कुंड्या लावून. आपण दिलेली जागा आणि कोणी घेतलेली जागा यात फरक आहे, आणि समोरच्याला तो कळतो.

रोजचा, न ऐकणारा

पाचवी गाडी. शेवटी कळलं, दोन घरं सोडून दुकान चालवणाऱ्याची. साखळी लागली तर तो आमच्या कामवाल्या मावशींना "काढा न जरा" म्हणून साखळी काढायला लावायचा. बोलले तर म्हणाला, "वहिनी, वकीलसाहेब असतानापासून लावतो, इथं तं कोणी काही बोललं नाही."

हे वाक्य ऐकलं तर हलक्यात घेऊ नका. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ नुसार, कोणी तुमच्या जमिनीवरून २० वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून, खंड न पडता ये-जा केली असेल तर तो वहिवाटीचा हक्क सांगू शकतो. परवानगीने केलेला वापर त्यात मोडत नाही. म्हणून उपाय दोनच: लेखी मनाई, किंवा लेखी परवानगी जी कधीही काढून घेता येते. "असू दे, वापरतोय तर वापरू दे" हा मधला रस्ता सगळ्यात वाईट. मामंजींनीच पलंगावर बसून पत्राचा मजकूर सांगितला, चार ओळींचा: जागा आमच्या मालकीची, आजवरचा वापर आमच्या परवानगीने होता, ती परवानगी या तारखेपासून रद्द, कृपया गाडी लावू नये. रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पावती वहीत चिकटवली.

पत्रानंतर तो आठ दिवस बोलला नाही, आणि गाडीही लावली नाही. पुन्हा लावली असती तर पुढची पायरी ठरलेली होती: फोटो, वही आणि पत्राची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज, पोच घेऊन, त्यानेही नाही झालं तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी न्यायालयात कायमच्या मनाई हुकुमाचा दावा, विशिष्ट साहाय्य अधिनियम १९६३ खाली. दाव्याला वेळ लागतो, पण अंतरिम मनाई मिळू शकते. वाद अंगावर येतोय, धमकी आहे, तर थांबू नका, ११२ लावा.

दोन वेगळ्या तऱ्हा

गाडी दिवसेंदिवस तशीच पडून आहे, धूळ साचली, टायर बसले: ती उघडायचा, ढकलायचा प्रयत्न करू नका. नंबर आणि फोटो घेऊन ठाण्यात लेखी कळवा. चोरीची किंवा गुन्ह्यातली निघाली तर तुम्ही आधी कळवलंय ही नोंद तुमच्या कामी येते.

बेसा, मनीषनगर, मानेवाडा बाजूला रिकामा प्लॉट घेऊन ठेवलेल्यांची अडचण वेगळी. तिथे आधी दोन गाड्या, मग मालवाहू टेम्पो, मग टपरी. तारेचं कुंपण, मालकीची पाटी आणि महिन्यातून एक फेरी, प्रत्येक फेरीचा तारखेसह फोटो. कुंपणाला फाटक ठेवा आणि कुलूप तुमचंच लावा. शेजाऱ्याने "मी लावतो न कुलूप" म्हटलं तरी नको. अपार्टमेंटमधल्यांनी गाड्यांना स्टिकर आणि पाहुण्यांसाठी वहीत नोंद ही पद्धत सर्वांच्या सभेत ठरवून घ्यावी. एकट्याने भांडू नये.

साखळीची काळजी

साखळीचं कुलूप पावसाळ्यात अडकतं. जूनच्या आधी तेल घाला. आमच्याकडे चार किल्ल्या आहेत: एक खिळ्यावर, एक माझ्या पर्समध्ये, एक समोरच्या जोशीकाकूंकडे, आणि चौथी डायलिसिसच्या पिशवीत, मामंजींच्या फाइलला बांधलेली. रात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर फोन लावतानाच कोणीतरी साखळी काढायची, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. टाक्यावर आता नवीन झाकण आहे, चार इंच जाड, दुहेरी सळईचं, आणि त्यावर पिवळ्या रंगाने आडवे पट्टे ओढलेले.